हीथवरची गुरं बघायला जाताय? बसलेली गाय आधी उठवा

सरे, ससेक्स, डॉर्सेट या दक्षिण इंग्लंडातल्या भागांत हीथवर, म्हणजे हेदर नावाच्या बुटक्या झुडपांच्या माळावर, मोकळी चरणारी गुरं बघून येणाऱ्याला 'लुकर' म्हणतात. हेदरमध्ये घुसणारं गवत आणि बर्च झाडाची रोपं गुरं खाऊन-तुडवून आटोक्यात ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. घरी कधी गुरं नव्हती म्हणून बिचकू नका, नजर तयार होते.

नवखा माणूस हमखास फसतो तो मोजणीत. बारा हव्यात, बारा दिसल्या, वहीत खूण, चला घरी. यात तपासणी झालेलीच नसते. आरामात बसून रवंथ करणारी गाय निरोगीच वाटते. तिच्या खुराच्या बेचक्यात गोर्स या काटेरी झुडपाचा काटा मोडलाय की जखम चिघळलीय, हे ती उठल्याशिवाय कळत नाही. लंगडं जनावर जास्त वेळ बसून असतं, म्हणजे जिला बघायला हवं नेमकी तीच बसलेली सापडते.

म्हणून प्रत्येकीला उठवा. मागून जाऊ नका. खांद्याच्या बाजूने, तिला दिसाल असे, बोलत बोलत जा आणि दहा पावलांवर थांबा. बहुतेक वेळा एवढ्यावर उठते. निरोगी गाय आधी मागचा भाग उचलते, मग पुढचा, पाठ ताणते, बऱ्याचदा शेण टाकते. पुढून आधी उठायची धडपड दिसली तर लिहून घ्या. मग वीस पावलं चालताना बघा: पाठ कमानीसारखी आहे का, पावलागणिक डोकं वरखाली होतं का, एखादा पाय नुसता टेकवते का. डावी कूस ढोलासारखी फुगलेली दिसली तर पोटफुगी समजा आणि तिथूनच मालकाला फोन लावा, परत येऊन नव्हे. फक्त ताजी व्यालेली गाय उठवू नका. तिचं वासरू ब्रॅकनमध्ये (उंच नेच्यात) दडवलेलं असतं, दोघांच्या मध्ये सापडलात तर ती अंगावर येईल. दुर्बिणीतून बघा. आणि कुत्रा घरी ठेवून जा.

गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यावर माझा राग नाही, कळप शोधायला तो छान आहे. पण फोनवरचा ठिपका गाय कुठे आहे ते सांगतो, कशी आहे ते नाही. बसलेली, चिखलात रुतलेली आणि मेलेली, तिघींचा ठिपका सारखाच. शिकवणारा निवडता आला तर ज्याने स्वतः गाईचं बाळंतपण केलंय असा गुराखी गाठा, ॲप दाखवणारा नको.

ओळख पटवायला कानातला बिल्ला वाचा: 'यूके'नंतर 12 आकडे, त्यातले शेवटचे 5 त्या जनावराचे. बेल्टेड गॅलोवे या पोटाभोवती पांढरा पट्टा असलेल्या जातीच्या गाई सुरुवातीला सगळ्या सारख्याच दिसतात, पण पांढऱ्या पट्ट्याची कड प्रत्येकीची वेगळी असते. थोड्याच दिवसांत बिल्ल्याआधी पट्टा ओळखू येतो.

गोचीड हा इथला खरा शत्रू. गोचीड नसलेल्या रानातून आणलेली मोठी गाय पहिल्या हंगामात बबेसियाने (गोचिडीतून रक्तात शिरणाऱ्या परजीवीने) आजारी पडू शकते, लहान वासरं त्या मानाने तगतात. म्हणून नव्या गाईची लघवी बघाच. तांबडी-तपकिरी, फेसाळ दिसली तर तो तातडीचा फोन. स्वतःच्या पायांवरच्या गोचिडीही घरी गेल्याबरोबर शोधा, लाइमचा आजार त्यांच्यामुळेच होतो. शरद ऋतूत वाऱ्याची रात्र झाली की सकाळी आधी ओकखाली जा. हिरवे एकॉर्न (ओकची फळं) जास्त खाल्ले तर गाईची मूत्रपिंडं निकामी होतात.

पाण्याच्या हौदाला नुसतं वरून बघू नका. बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ) हाताने दाबा, पाणी यायला हवं.

वहीत 'सगळं ठीक' लिहू नका. असं लिहा: 00417, सकाळी 9:40, पश्चिमेच्या फाटकाजवळ, उठवल्यावर उठली, मागचा डावा पाय टेकवत नाही, मालकाला 9:45 ला कळवलं.