जुन्या मॉनिटरच्या पॅनलचा घरगुती प्रोजेक्टर: आधी भिंग, मग खोकं

पंधरा इंची जुना चौकोनी मॉनिटर, शंभर वॅटचा एलईडी, दोन फ्रेस्नेल शीट (गोल खाचा पाडलेली, भिंगाचं काम करणारी सपाट प्लॅस्टिक शीट) आणि एक मोठं भिंग, एवढ्या सामानात भिंतीवर सहा फूट रुंद चित्र येतं. पण उजेडाचा हिशोब आधीच करून ठेवा. चांगला १०० वॅटचा सीओबी एलईडी (एकाच तळावर अनेक एलईडी चिप बसवलेला दिवा) ९,००० लुमेनच्या आसपास देतो. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पॅनलवर पोचतो आणि त्यातलाही ९४-९५ टक्के उजेड पॅनलचे पोलरायझर (ठरावीक दिशेच्या प्रकाशलहरीच जाऊ देणारे थर) आणि रंगीत फिल्टर खाऊन टाकतात. शीट आणि भिंगातली घट धरली की भिंतीवर शंभर-सव्वाशे लुमेन उरतात. अंधाऱ्या खोलीत सिनेमाला एवढे पुरतात. ट्यूबलाइट चालू ठेवून मॅच बघायची असेल तर टीव्हीच घ्या.

बहुतेक लोक आधी मॉनिटर उघडतात, मग खोकं करतात आणि शेवटी भिंग शोधतात. क्रम नेमका उलटा हवा, कारण खोक्याचं प्रत्येक माप भिंगाच्या नाभीय अंतरावरून ठरतं.

पंधरा इंची पॅनलला साधारण ८० मिमी व्यासाचं, ३०० ते ३२० मिमी नाभीय अंतराचं तीन काचांचं भिंग लागतं. ऑनलाइन 'ट्रिपलेट' नावाने मिळतं. स्वस्तातला मार्ग म्हणजे शाळा-कॉलेजांनी मोडीत काढलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर. त्यात भिंग आणि फ्रेस्नेल दोन्ही आयते मिळतात. अडचण एकच: त्याची काच बहुधा २८५ × २८५ मिमी असते आणि पंधरा इंची पॅनलचं चित्र ३०४ × २२८ मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ सेंटिमीटरभर चित्र कापलं जाणार. ते चालत नसेल तर फ्रेस्नेल वेगळे घ्या: एक २२० मिमी नाभीय अंतराचा, एक ३३० मिमी नाभीय अंतराचा, दोन्ही पॅनलपेक्षा मोठ्या आकाराचे.

भिंगावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. संध्याकाळी गच्चीवर सावलीत उभं राहून नाशिकच्या पांडवलेण्यासारख्या दूरच्या डोंगराकडे भिंग धरा आणि मागे पांढरा कागद पुढेमागे करा. डोंगराची उलटी आकृती कागदावर रेखीव उमटली की भिंगाच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. तेच नाभीय अंतर. सूर्यावर हा प्रयोग करू नका, कागद पेटतो.

आता सूत्र. चित्र पॅनलच्या किती पट हवं तो आकडा 'प' आणि नाभीय अंतर 'न' धरा. पॅनल ते भिंग = न × (१ + १/प), भिंग ते भिंत = न × (१ + प). ३२० मिमीचं भिंग आणि सहा फुटी चित्र म्हणजे प = ६. पॅनल ते भिंग ३७३ मिमी आणि भिंग ते भिंत २२४० मिमी, म्हणजे सव्वासात फुटांच्या थोडं वर. आठ फुटी चित्राला हीच अंतरं ३६० आणि २८८६ मिमी होतात. पाच फुटीला ३८४ आणि १९२४. म्हणजे भिंग पुढेमागे सरकायला अडीच सेंटिमीटर वाव ठेवला की पाच ते आठ फुटांचं काम भागतं. खोक्याची लांबी ८०० मिमीच्या घरात जाते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा फुटी चित्र आणि खोकं दोन्ही बसतात, मागे दोन फूट उरतात.

मॉनिटर निवडणं आणि उघडणं

नाशिकमध्ये अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने उठवल्यापासून एका फेरीत सगळं मिळण्याची सोय गेली. पण कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) गेलेले मॉनिटर कोपऱ्यात पडलेले असतात आणि आपल्याला नेमके तेच हवेत. दुकानातच सिग्नल लावून काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. आत अंधूक चित्र दिसलं तर पॅनल जिवंत आहे. उभी-आडवी रेघ दिसली तर फुकटही घेऊ नका. १८.५ इंची रुंद पॅनल टाळा. त्याला ४१० मिमीपेक्षा रुंद फ्रेस्नेल लागतो.

दुसरी परीक्षा उघडल्यावरच कळते. पॅनलच्या कडेला असलेली ड्रायव्हरची (पॅनल चालवणाऱ्या सर्किटची) पट्टी बहुधा मागे दुमडलेली असते. ती सरळ बाहेर उलगडली पाहिजे, नाहीतर तिची सावली चित्रात येते. काही पॅनलमध्ये वरची आणि बाजूची पट्टी एका आखूड फ्लॅट केबलने जोडलेली असते. ती उलगडायला गेलं की केबल तुटते. असं पॅनल या कामाचं नाही.

प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो. जुन्या मॉनिटरच्या बॅकलाइट नळ्यांत पारा असतो, त्या फोडू नका. पुढची प्लॅस्टिकची चौकट जुन्या एटीएम कार्डाने सोडवा, मग पत्र्याचा पिंजरा, मग पॅनलची धातूची कड. काच उचलताना दोघं जण हवेत: एकाने काच धरायची, दुसऱ्याने पट्टी. काच आणि पट्टी यांना जोडणाऱ्या तपकिरी फिती चिकटवलेल्या असतात, सोल्डर केलेल्या नसतात. एक फीत ताणली गेली की चित्रात कायमची रेघ. मागच्या पांढऱ्या आणि चकचकीत शीट बाजूला ठेवा. त्या उजेड पसरवतात, आपल्याला तो सरळ हवा आहे.

पॅनलचा पुढचा खरखरीत थर पाणी लावून सोलण्याचे सल्ले मिळतील. त्याने चित्र थोडं धारदार होतं, पण त्याच्याबरोबर पोलरायझर उचकटण्याची भीती मोठी. पहिल्याच पॅनलवर हा उद्योग करू नका. पुसायला मऊ कापड आणि डिस्टिल्ड वॉटर. थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नाही.

मॉनिटरचाच बोर्ड वापरता येतो, पण नळ्या काढल्या की काही मॉनिटर दोन सेकंदांत पूर्ण बंद पडतात. मग एचडीएमआय असलेला युनिव्हर्सल एलव्हीडीएस बोर्ड (पॅनलला चित्राचा सिग्नल पुरवणारा) घ्या. पॅनलच्या मागचा नंबर विक्रेत्याला देऊन त्या पॅनलचंच फर्मवेअर आणि केबल मागा. बोर्डावरचा व्होल्टेजचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) ३.३, ५ आणि १२ अशा जागांवर बसतो. डेटाशीट पाहिल्याशिवाय वीज जोडू नका. चुकीच्या जागी बसलेला जंपर पॅनल तिथेच जाळतो.

दिवा

सीओबी एलईडीला ३० ते ३४ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा कॉन्स्टंट करंट (वीजप्रवाह स्थिर ठेवणारा) ड्रायव्हर लागतो. साधा पॉवर सप्लाय चालत नाही. २.५ अँपिअरवर चालवला तर उजेडात फरक थोडा पडतो आणि आयुष्य बरंच वाढतं. हीटसिंक (एलईडीची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) म्हणून हीटपाइपवाला टॉवर सीपीयू कूलर घ्या. त्याच्या सपाट बुडाला ड्रिल आणि टॅप करून एम-३ स्क्रू बसवा, थर्मल पेस्ट कागदाइतकी पातळ लावा, स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली तर एलईडीचा तळ वाकतो आणि मधे हवा राहते.

हीटसिंकवर ७० अंशांचा, गरम झाल्यावर तुटणारा थर्मल स्विच लावा आणि तो ड्रायव्हरच्या २३० व्होल्टच्या वायरीत घाला. पंखे त्या स्विचमधून जाऊ देऊ नका, म्हणजे दिवा बंद झाला तरी वारा चालू राहतो. पंखे आणि बोर्डासाठी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा सप्लाय. हीटसिंकला अर्थिंग हवंच. पेटलेल्या एलईडीकडे थेट बघू नका.

खोकं आणि जुळणी

१२ मिमी प्लायचं, आतून ३६० मिमी रुंद आणि ३०० मिमी उंच खोकं पुरतं. वखारीतले कटपीस चालतात. आतून काळा ब्लॅकबोर्ड पेंट द्या. चकचकीत ऑइलपेंट दिला तर चित्रातला काळा रंग राखाडी दिसतो. फ्रेस्नेल आणि पॅनल उभे धरायला स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडचे ॲल्युमिनियमचे यू-चॅनल घ्या. फ्रेस्नेल आवळून बसवू नका, चारही बाजूंना दीड-दोन मिमी मोकळे ठेवा. ॲक्रिलिक तापलं की वाढतं आणि जागा नसेल तर फुगतं.

क्रम असा: एलईडी, २२० चा फ्रेस्नेल, २५ ते ३० मिमी पोकळी, पॅनल, १५ ते २० मिमी पोकळी, ३३० चा फ्रेस्नेल, मग भिंग. दोन्ही फ्रेस्नेलची खाचांची बाजू पॅनलकडे, गुळगुळीत बाजू दिव्याकडे आणि भिंगाकडे. फ्रेस्नेल पॅनलला अगदी चिकटवला तर भिंतीवर गोल गोल रेघा दिसतात.

एलईडी फ्रेस्नेलपासून बरोबर २२० मिमीवर ठेवला तर उजेड पुढच्या फ्रेस्नेलनंतर ३३० मिमीवर गोळा होतो, पण आपलं भिंग तिथून साधारण ३५५ मिमीवर आहे. म्हणून एलईडी सेंटिमीटरभर पुढे घ्या, सुमारे २१० मिमीवर. हे अंतर पॅनल न बसवता जुळवा. भिंगाच्या जागी पांढरा कागद धरा आणि दिवा मंद पेटवा. कागदावर एलईडीचा चाळीस-पंचेचाळीस मिमीचा चौकोन गोळा झाला पाहिजे. तो भिंगाच्या मधोमध आला की मगच स्क्रू पक्के करा.

पॅनल कसं ठेवायचं इथे बहुतेक जण चुकतात. वाचायची बाजू दिव्याकडे आणि पॅनल डोक्यावर उभं. वाचायची बाजू भिंगाकडे ठेवली तर अक्षरं आरशासारखी दिसतात. मधे आरसा घालून उजेड वळवलात तर मात्र वाचायची बाजू भिंगाकडेच हवी.

वारा

एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड नगण्य असतं, तरी पॅनलने खाल्लेला सगळा उजेड उष्णताच होतो. पॅनल ५० अंशांच्या आत ठेवा. मागच्या पोकळीतून खालून वर वारा जाईल असे ८० मिमीचे दोन पंखे लावा आणि पॅनलच्या पुढच्या बाजूलाही थोडी हवा खेळू द्या. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो. तेव्हा दुपारी चालवलं तर पॅनलला सांभाळून घ्यायला दहाच अंश उरतात. रात्री नऊनंतर लावा. पंख्याच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा. पॅनलवरची धूळ फोकसमध्ये असते, एक कण भिंतीवर वाटाण्याएवढा दिसतो.

बिघाड ओळखणं

मधे काळा डाग पडून थंड झाल्यावर गेला, तर पॅनल तापलं होतं, वारा वाढवा. डाग पिवळट-तपकिरी होऊन तसाच राहिला तर पोलरायझर जळाला. एकच कोपरा काळोखा असेल तर एलईडी मध्यावर नाही. चारही कोपरे मंद आणि कडेला निळी-पिवळी झाक असेल तर एलईडीचं अंतर चुकलंय, पाच-पाच मिमीने हलवून बघा. मधलं रेखीव आणि एकच कड धूसर असेल तर पॅनल आणि भिंग समांतर नाहीत. चारही कडा सारख्याच धूसर असतील तर भिंग हलक्या प्रतीचं आहे, त्याला उपाय नाही. चित्र वर रुंद आणि खाली अरुंद येत असेल तर खोकं तिरपं करण्याऐवजी टेबल उंच करा.

काम चालू असताना फ्रेस्नेल शीट गच्चीवर किंवा खिडकीत उघडी ठेवू नका. उन्हात ती भिंगासारखीच आग लावते. कापडात गुंडाळून कपाटात ठेवा.