डेव्हिल्स क्लॉ म्हणजे वाघनखी नव्हे! या चुका टाळा

गुडघेदुखीच्या औषधाच्या डबीवर ‘डेव्हिल्स क्लॉ’ (म्हणजे सैतानाची नखी) असं एका आफ्रिकी वनस्पतीचं नाव दिसलं, की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, ही तर आपली वाघनखी!” ही चूक जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे वाघनखी म्हणून दोन झाडं ओळखली जातात. एक विंचवी, रस्त्याकडेचं तण, मूळचं मेक्सिकोकडचं. वाळलेल्या काळ्या फळाला दोन वाकडे काटे. दुसरी कळलावी. डेव्हिल्स क्लॉसारखा तिलाही कंद असतो, पण त्यात कोल्चिसीन हे जहाल विष. तो पोटात गेला तर माणूस दगावतो.

खरी डेव्हिल्स क्लॉ आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटाच्या वाळूत उगवते: नामिबिया, बोट्सवाना, दक्षिण आफ्रिका. जमिनीवर पसरणारी, जांभळट फुलांची आणि चक्क तिळाच्या कुळातली! नाव पडलं ते फळावरून. लाकडासारखं टणक फळ, चहूबाजूंनी आकडे. जनावरांच्या पायांत अडकून बी दूरवर जातं. औषध मात्र कंदात. तिथले मूळ रहिवासी सान आणि नामा लोक त्याचा कडूजार काढा ताप, अपचन, अंगदुखीवर घेत आले आहेत. फोडांना लेपही लावतात.

खणताना सर्रास होणारी चूक म्हणजे मधला मूळकंदच उपटणं. नुकसान दुहेरी: झाड तर जातंच, शिवाय हार्पॅगोसाइड हे औषधी द्रव्य मूळकंदापेक्षा बाजूला फुटलेल्या कंदांत जास्त असतं. जाणती माणसं झाडापासून जरा लांब खणतात, बाजूचे कंद काढून घेतात, मूळकंदाला हात लावत नाहीत आणि खड्डा वाळूने बुजवतात. खड्डा उघडा राहिला तर मूळकंद वाळतो आणि पुढच्या पावसात झाड फुटत नाही. नामिबियात ही वनस्पती १९७७ पासून संरक्षित आहे.

वाळवण्यासाठी कंदाचे पातळ काप करायचे आणि ते जाळीवर पसरायचे. थेट जमिनीवर टाकले की वाळू चिकटते. जाड ठेवले तर बुरशी धरते.

“झाडपाल्याचं आहे, काय होणार?” असं म्हणून घेणारेही चुकतात. कडूपणामुळे पोटातलं आम्ल वाढतं, म्हणून अल्सर असलेल्यांनी यापासून लांबच राहावं. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि डबी घेताना शास्त्रीय नाव वाचा: हार्पॅगोफायटम प्रोकम्बेन्स, किंवा तिची बहीण हार्पॅगोफायटम झेयेरी. दोन्हींपैकी एकही नसेल तर डबी परत फळीवर ठेवा.