घरचा पत्ता फुटतो कुठून? जोखमीचा पेशा असेल तर या चुका टाळा

१९ जुलै २०२०. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घराची बेल वाजली. दारात पार्सलवाल्याच्या वेषात जो उभा होता तो वकील होता, आणि त्याचा एक खटला पूर्वी त्यांच्यापुढे आला होता. त्याच्या गोळ्यांनी त्यांचा वीस वर्षांचा मुलगा डॅनिअल गेला, पती गंभीर जखमी झाले. घर कुठे, जायची-यायची वाट कोणती, हे सगळं त्याने आधीच गोळा करून ठेवलं होतं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तिथे संघीय न्यायाधीशांच्या खासगी माहितीला संरक्षण देणारा कायदा आला, डॅनिअलच्याच नावाने.

न्यायाधीश, पत्रकार, पोलीस, कौटुंबिक खटले लढवणारे वकील, मानसोपचारतज्ज्ञ: यांच्यापैकी कुणाशीही या विषयावर बोललं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मी माझा पत्ता कुठेच टाकत नाही."

इथेच पहिली चूक होते. पत्ता बहुतेक वेळा तुम्ही फोडतच नाही, घरचे फोडतात, तेही प्रेमापोटी. आई वाढदिवसाचे फोटो टाकते आणि मागे इमारतीची पाटी दिसते. भाऊ नव्या घराच्या किल्लीचा फोटो टाकतो. घर जोडीदाराच्या नावावर असतं आणि मालमत्तेची नोंद कुणालाही पाहता येते. म्हणून इंटरनेटवर फक्त स्वतःचं नाव शोधून समाधान मानू नका. जोडीदार, आईवडील, भावंडं यांची नावं, जुने फोन नंबर, जुने ईमेल, सगळं शोधा. लॉगआऊट करून शोधा, म्हणजे परक्याला काय दिसतं ते दिसेल. तुमच्यावर चिडलेला माणूस जितका वेळ देईल, तितका वेळ या कामाला एकदा तरी द्या.

दुसरी चूक फोटोंची. "लोकेशन बंद केलंय" एवढ्यावर लोक निर्धास्त होतात. फोटोच्या फाइलमध्ये दडलेलं लोकेशन फेसबुक, इन्स्टाग्राम इतरांना दिसण्याआधीच काढून टाकतात. पण तोच फोटो ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर लोकेशन त्याच्यासोबत जाऊ शकतं. याहून मोठा धोका चित्रातच असतो. जपानमध्ये २०१९ साली एका तरुण गायिकेच्या सेल्फीत, तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत रेल्वे स्टेशन उमटलेलं होतं. एका माणसाने ते मोठं करून पाहिलं, गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर, म्हणजे रस्त्यांचे फोटो दाखवणाऱ्या नकाशावर, स्टेशन ओळखलं, तिथे थांबून तिचा पाठलाग केला आणि घराजवळ तिच्यावर हल्ला केला. तेव्हा खिडकीतून दिसणारं दृश्य, बाल्कनी, दारासमोरची गाडी यांचे फोटो टाकूच नका. बाहेरचे टाकायचे असतील तर तिथून निघाल्यावर टाका.

धावण्या-सायकलिंगच्या अ‍ॅपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सावध माणसंही इथे फसतात. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या अशाच एका अ‍ॅपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळलेल्या दिसल्या आणि त्यातून लष्करी तळांचे आराखडे उघड झाले. अशा अ‍ॅपमध्ये घराभोवतीचा ठरावीक भाग लपवायची सोय असते. पण लपवलेल्या वर्तुळाच्या बरोब्बर मध्यावर घर असेल, तर वेगवेगळ्या दिवशीच्या वाटा जिथे जिथे तुटतात ते बिंदू जोडून मध्य काढता येतो. शाळेतली भूमिती पुरते. म्हणून नोंदी सरळ खासगी ठेवा. ते जमत नसेल तर घरापासून लांब गेल्यावर घड्याळातली नोंद सुरू करा, आणि रोज निराळ्या ठिकाणी.

वायफायचंही तसंच. विगल नावाच्या साइटवर जगभरातल्या वायफायची नावं नकाशावर नोंदलेली आहेत. आडनावाचं किंवा एकमेव वाटेल असं नाव दिलं असेल, तर घर बदलून तोच राउटर नेल्यावर नवी जागाही सापडू शकते. नाव साधं ठेवा, घर बदलताना तेही बदला.

पत्ता आधीच बाहेर गेला असेल तर?

आधी पुसत सुटू नका. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात काय अर्थ? जिथून तो पुन्हा पुन्हा बाहेर जातो ती ठिकाणं आधी बंद करा: खरेदीची खाती, सवलतीची कार्डं, स्वतःच्या वेबसाइटच्या नावाची (डोमेनची) नोंदणी, कंपनीची कागदपत्रं. शक्य असेल तिथे ऑफिसचा पत्ता किंवा पोस्ट बॉक्स द्या. मे २०१८ पासून व्यक्तींच्या नावावरच्या बऱ्याच डोमेन-नोंदींमधला पत्ता झाकला जातो, पण त्याआधीच्या नोंदींच्या प्रती आजही मिळतात.

मग पुसायला घ्या. गूगलच्या शोधात दिसणारा निकाल काढून घेतला तरी मूळ पान जागेवरच असतं, त्यामुळे विनंती दोन्हीकडे करावी लागते. विनंतीसोबत ओळखपत्र मागितलं तर त्यावरचा अनावश्यक मजकूर झाकूनच पाठवा. स्ट्रीट व्ह्यूवर घर धूसर करून घेता येतं, पण ते कायमचं असतं आणि ओळीतलं एकच धूसर घर उलट डोळ्यात भरतं. मी सहसा ते सुचवत नाही.

कुणी धमकी म्हणून पत्ता टाकला, तर त्याखाली "हा काढा" असं लिहू नका. तो खरा आहे, यावर तुम्हीच शिक्का मारता. तारीख, वेळ आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीच्या फॉर्ममधून कळवा, पोलिसांना आणि ऑफिसला त्याच दिवशी सांगा.

आणि फोन उचलणाऱ्यांना विसरू नका. "साहेबांचं पार्सल आहे, घरचा पत्ता सांगता का?" या एका प्रश्नावर उत्तम सेटिंगं वाया जातात. ऑफिसात आणि घरात सगळ्यांचं उत्तर आधीच ठरवून ठेवा: "पार्सल ऑफिसवरच द्या."