व्हिएन्नात परिषद असेल तर

परिषदेसाठी व्हिएन्नाला जाणार असाल, तर फिरण्याचे दिवस व्हिसाच्या अर्जातच दाखवा. ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर मुक्कामाचे दिवस मोजून लिहिलेले असतात. परिषदेपुरतेच मागितलेत, तर पुढचा शनिवार-रविवार हातचा गेलाच म्हणून समजा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमाही परतीच्या दिवसापर्यंतचा हवा. ऑफिसने काढलेला नेमका कधी संपतो ते आधीच विचारून घ्या.

संध्याकाळी हॉटेलवर बसू नका. ऑस्ट्रिया सेंटर या परिषदांच्या केंद्राजवळून यू१ मेट्रो थेट जुन्या शहरात, श्टेफान्सप्लात्झला नेते, गाडी बदलावी लागत नाही. गुरुवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम हे कलासंग्रहालय रात्री ९ पर्यंत उघडं असतं. सगळं पाहायच्या मागे लागू नका, सरळ सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉयगेल याच्या दालनात जा. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांच्या चित्रापुढे निवांत थांबा: दमलेली कुत्री, झाडावरचे कावळे आणि खाली गोठलेल्या तळ्यावर घसरत खेळणारी इवली इवली माणसं. छापील चित्रात ती नीट दिसतच नाहीत! एवढ्यासाठी जेवण उशिरा झालं तरी चालेल.

घरच्यांसाठीची खरेदी मात्र शनिवारीच उरका, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.