कोकणात ए.ए.ची मीटिंग कशी शोधावी

दारू सोडायची म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी देवळात जातो. गाऱ्हाणं घालतो, नारळ ठेवून शपथ घेतो आणि बहुतेकदा ती शपथ शिमग्यापर्यंत टिकते. गाऱ्हाणं जरूर घाला. पण जोडीला आठवड्यातून एकदा तरी स्वतः प्यायलेल्या आणि आता थांबलेल्या माणसांत जाऊन बसा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही अशाच माणसांची संघटना. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात दोन मद्यपी एकमेकांना भेटले, तिथून ती सुरू झाली. फी नाही, फॉर्म नाही. पिणं थांबवायची इच्छा हवी, एवढीच अट.

मीटिंगच्या आधी डॉक्टर

सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्याशिवाय थांबत नाहीत, अशी अवस्था असेल तर एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, बडबड आणि ताप सुरू होऊन जिवावर बेतू शकतं. जिल्हा रुग्णालयात दाखवा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून लोक बिचकतात, पण तिथेही इतर दवाखान्यांसारखा बाह्यरुग्ण विभाग असतो.

एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. दारूचा तिटकारा आणणारं औषध जेवणातून गुपचूप दिलं आणि वर तो प्यायला, तर प्रकृती गंभीर होऊ शकते. असं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला सांगूनच द्यायचं असतं.

फोन कुठे करायचा

केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६. ए.ए.च्या भारतातल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांचा स्वतःचा हेल्पलाइन नंबर मिळतो, आणि मीटिंगसाठी तोच सगळ्यात उपयोगाचा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतलेलं कोणी ओळखीत असेल, तर त्याला आधी विचारा. अशा माणसाला जिल्ह्यातले ग्रुप बहुधा माहीत असतात.

फोनवर आपली कर्मकहाणी सांगायची गरज नाही. “मी सिंधुदुर्गातून बोलतोय, मला दारू थांबवायची आहे, जवळची मीटिंग कुठे आहे?” एवढं पुरतं. मग वार, वेळ आणि जागा लिहून घ्या. दार कुठलं, हेही विचारा, कारण मीटिंगा शाळेच्या वर्गात, दवाखान्याच्या खोलीत, चर्चच्या हॉलमध्ये भरतात आणि बाहेर मोठी पाटी असेलच असं नाही. (चर्चमध्ये भरली म्हणून ती कुठल्या धर्माची होत नाही, जागा मिळते तिथे भरते.) मीटिंग खुली की बंद, हेही विचारा. बंद मीटिंगला फक्त मद्यपी बसतात, खुल्या मीटिंगला बायको किंवा भाऊ सोबत आला तरी चालतो.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. लहान ग्रुपची जागा बदलते, सणावारी वेळ बदलते, आणि जुन्या यादीवर विसंबून घाट उतरून गेलेला माणूस बंद दार पाहून सरळ बारमध्ये शिरतो.

कुठल्या गावची निवडायची

कोकणात खरी अडचण अंतराची नाही, ‘कोणी बघितलं तर?’ ही आहे. बाजारपेठेत नवी चप्पल घातली तरी चार जण विचारतात. म्हणून सुरुवातीला शेजारच्या तालुक्यातली मीटिंग मिळाली तर ती धरा. सावंतवाडीच्या माणसाला कुडाळात काम निघू शकतं, कोणी विचारणार नाही. आणि तिथे ओळखीचं कोणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

फक्त परतीची गाडी बघून ठेवा. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. ती आठला सुटली आणि तुमच्या गावची वस्तीची एसटी साडेसातलाच गेली, तर दुसऱ्या खेपेला तुम्ही जाणार नाही. हेल्पलाइनवर अडचण सांगा. कधी कधी वाटेवरचा कोणी सभासद सोबत नेतो.

आत गेल्यावर

पहिलं नाव सांगितलं की झालं. एकेक जण आपला अनुभव सांगतो, मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर “आज फक्त ऐकायला आलोय” म्हणा, चालतं. शेवटी पैशांसाठी पिशवी फिरते. ऐच्छिक असते, नवख्याने काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. निघताना दोघा-तिघांचे फोन नंबर मात्र घ्याच. रात्री दहाला तलफ आली की तेच कामी येतात.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका, तीन-चार वेळा जा.

जवळपास ग्रुपच नसेल तर

ऑनलाइन मीटिंगा भरतात, भाषा मराठी की हिंदी ते आधी विचारा. आणि ए.ए.च्या परंपरेनुसार थांबायच्या इराद्याने दोन-तीन मद्यपी एकत्र बसले तरी तो ग्रुप होतो.

खलाशांसाठी १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सुरुवातीला बरा. होडी किनाऱ्यावर, वेळ हाताशी. पण हाच रिकामा वेळ पिण्याचाही असतो, त्यामुळे बंदी लागायच्या आधीच मीटिंगचा वार ठरवून ठेवा. गणपतीत चाकरमानी बाटल्या घेऊन येतात, तेव्हा कोणाला फोन करायचा हेही आधीच ठरवा. घसरलात तर पुढच्याच मीटिंगला परत जा. तिथले बरेच जण कधी ना कधी घसरलेले असतात.

घरचा माणूस येतच नसेल, तर घरच्यांनी त्याच्यासाठी थांबू नये. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत. ते कुठे भरतात, हे ए.ए.च्या हेल्पलाइनवर विचारता येतं. त्याने दारू सोडली नसली तरी तुम्ही तिथे जाऊ शकता.