वाळू काढलेल्या खड्ड्यात पाणी ढवळतं का? मोजणीला नव्याने येणाऱ्यांसाठी

समुद्रतळाच्या वाळूउपशाचा अभ्यास सुरू करणारे बहुतेकजण आधी ड्रेजरमागच्या (तळाची वाळू उपसणाऱ्या जहाजामागच्या) गढूळ पाण्याकडे वळतात. काम थांबलं की तो गढूळपणा ओसरतो, पण वाढलेली खोली वर्षानुवर्षं राहते. तेव्हा सुरुवात खड्ड्यापासून करा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या मास्फ्लाक्ते २ या बंदर-विस्तारासाठी वाळू काढली, तेव्हा साधारण २० मीटर पाण्याखालचा तळ आणखी सुमारे २० मीटर खणला गेला.

बोटीवर जाण्याआधी एक गणित करा: खोली भागिले भरतीच्या प्रवाहवेगाचा घन (मीटर आणि मीटर प्रति सेकंद). उत्तर साधारण ५०० च्या वर गेलं, तर उन्हाळ्यात वरचं ऊबदार आणि खालचं गार पाणी असे वेगळे थर राहू शकतात, आणि मग तळाला प्राणवायू कमी पोहोचतो. २० मीटर खोली आणि ०.७ वेग घेतला तर उत्तर ५८ येतं, म्हणजे पाणी तळापर्यंत ढवळलेलं. खड्ड्यात खोली दुप्पट होऊन वेग निम्म्यावर आला, तर तेच उत्तर ९३३ होतं. सोळापट! मात्र लांबट खड्डा प्रवाहाच्या दिशेतच असेल, तर वेग इतका घटत नाही. उलट पाणी त्यात ओढलंही जातं. त्यामुळे खड्ड्याची दिशा नोंदवल्याशिवाय हा आकडा अहवालात लिहू नका. शिवाय हे गणित फक्त उष्णतेचं आहे. डच किनाऱ्यालगत ऱ्हाइन नदीचं गोडं पाणीही थर बनवतं, आणि क्षारतेतला १ एककाचा फरक घनतेत तापमानाच्या ३ ते ५ अंशांइतका भरतो.

हे थर भरती-ओहोटीबरोबर बनतात आणि मोडतात. एकाच वेळी सीटीडी (खोलीनुसार तापमान आणि क्षारता नोंदवणारं यंत्र) सोडून काढलेला निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो. नांगर टाकून सलग १३ तास, दर अर्ध्या तासाला एक नोंद घ्या. एकदा उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला), एकदा भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला). भांगाला प्रवाह मंद असतो, थर टिकण्याची शक्यता तेव्हाच जास्त. पाण्यात सोडल्यावर यंत्र पृष्ठभागाखाली एक-दोन मिनिटं थांबवा, मगच सेकंदाला अर्धा मीटर वेगाने खाली न्या. घाई केली की तापमान आणि क्षारतेचे सेन्सर जुळत नाहीत आणि घनतेच्या आलेखात खोटे काटे उमटतात.

सर्वांत जास्त चुका तळाशी होतात. बोटीवरून खाली पाहणाऱ्या, २० अंश कललेल्या किरणांच्या एडीसीपीला (ध्वनिलहरींनी प्रवाहवेग मोजणाऱ्या यंत्राला) तळालगतचे सुमारे ६ टक्के पाणी वाचता येत नाही. ४० मीटर खोलीवर ते अडीच मीटर होतं, आणि प्राणवायू घटला तर आधी तिथेच घटतो. म्हणून एडीसीपी तळावर ठेवून वर रोखा. चौकटीचे पाय रुंद घ्या. खड्ड्यात मऊ गाळ साठतो आणि अरुंद पाय त्यात रुततात.

मग रिचर्डसन अंक काढा, म्हणजे घनतेतला फरक थर किती घट्ट धरतो आणि वेगातला फरक तो किती ढवळतो यांचं गुणोत्तर. ५ मीटरमध्ये घनतेचा फरक १ किलो प्रति घनमीटर आणि वेगाचा फरक ०.३ मीटर प्रति सेकंद असेल, तर तो ०.५३ येतो. ०.२५ च्या वर असल्यामुळे वेगातला फरक हा थर फोडायला पुरत नाही.

थर सापडला म्हणजे खड्डा मेला असं मात्र लिहू नका. मास्फ्लाक्तेच्या खड्ड्यात गाळ वाढला, तशी तळावरच्या जीवांची आणि माशांचं एकूण वजनही वाढलं, प्रजाती बदलल्या. प्राणवायूचा ऑप्टोड (प्रकाशावर चालणारा सेन्सर) विंक्लर टायट्रेशनने (पाण्याच्या नमुन्यातला प्राणवायू मोजण्याच्या रासायनिक पद्धतीने) पडताळा, आणि खड्ड्याबाहेर न खणलेल्या तळावर, भरतीच्या त्याच टप्प्याला, तीच मोजणी करा.