सातबाऱ्यावर तिचं नाव : नव्या कार्यकर्तीसाठी

संघटनेत नवी मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात विचारते, "ताई, मेळावा कधी?" मेळावे होत राहतील. माझं म्हणणं, आधी नवरा गेलेल्या एका बाईची वारस नोंद शेवटपर्यंत लावून बघ. मराठवाड्यात मी अनेक वर्षं हेच करतेय, आणि समतेवरच्या भाषणापेक्षा फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नाव बदलल्याच्या, कागदावर माझा जास्त विश्वास आहे.

तिच्या घरी गेल्यावर सांत्वन कर, पण निघताना एक विचार: जमीन कुणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या नावावर असेल तर काम सरळ आहे. पुष्कळदा उतारा वारलेल्या सासऱ्याच्याच नावावर असतो. मग आधी सासऱ्याचे वारस लावायचे, त्यात हिंदू घरात मयत मुलाची बायको आणि मुलं येतातच. सासरा हयात असेल आणि जमीन वडिलोपार्जित असेल, तर गावात वाद न घालता वकील गाठ. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर फी लागत नाही. दाखला, आधार, सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं स्वयंघोषणापत्र, एवढं जमवून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन सेवेवर अर्ज करायचा. हक्क मिळाल्याचं तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, हा घोळ दहातल्या आठ घरांत असतो. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेव. तलाठी भाऊसाहेब कितीही गोड बोलले तरी अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

वारसांची यादी स्वतः वाच. हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई यांचा वाटा सारखा. दीर अर्ज भरतो तेव्हा मुली गळतात. आपल्या कार्यकर्त्या भरतात तेव्हा सासू गळते! सासूने छळलं असेल, तरी तिचं नाव लिहायचं. तिचा हक्क मारून मिळवलेली नोंद पुढे अपिलात टिकत नाही, आणि टिकली तरी मला ती नको. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञान मुलांची पालक, म्हणून आई लागली का, तेही बघ. मुस्लीम घरात वाटे वेगळे असतात, मुलं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा. नाव मात्र तिथेही लागलंच पाहिजे.

अर्ज झाला की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस. सगळा खेळ याच दिवसांत होतो. दीर बॉण्ड, म्हणजे स्टॅम्प पेपर, घेऊन येतो, "वहिनी, नुसती सही करा, पोरांचं आम्ही बघतो." तिला एवढंच सांग की कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठाही उमटवायचा नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे घरच्या बॉण्डवर नाव उडवता येत नाही. पण सही दिसली की तिचीच हिंमत खचते. दुसरी धमकी ठरलेली: "दुसरं लग्न केलंस तर जमीन जाईल." नवऱ्याकडून वारशाने मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही.

लेखी हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. तिथे तिने बोलायचं, आपण शेजारी बसायचं. हा नियम माझा आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. निकाल विरोधात गेला तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, साठ दिवसांत अपील. नुसतंच अडवून ठेवलं असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार टाक: माझा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे?

शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलेल्या घरात एक लाखाची सरकारी मदत येते, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ते खातं तिच्याच नावावर आहे ना, हे बघ. महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे 'मकाम'ने, विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा बायकांची पाहणी करून सरकारकडे पाठपुरावा केला, तेव्हा जून २०१९ मध्ये या कुटुंबांसाठी शासन निर्णय निघाला. त्याची प्रत पिशवीत ठेव. तहसीलमध्ये कागद दाखवला की आवाज खाली येतो. २०२५ च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयतांच्या जागी वारस लावायचं काम सरकारनेच हाती घेतलं, त्याचाही हवाला दे.

मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला की पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढ आणि तिच्या हातात दे. फोटो संघटनेच्या गटावर नंतर टाक, तोही तिला विचारून. मग त्याच आठवड्यात तिचा शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, पीएम किसानचा अर्ज तिच्या नावे करायचा आणि सोसायटीत नवऱ्याचं किती कर्ज थकलंय ते लेखी मागायचं.